तंबोऱ्याच्या गावचा माणूस तंबूत

आमच्या तंबोऱ्यांच्या मिरजेत गाणं ऐकायला जायची तयारी एकच असे : घोंगडं शोधणं. ते नेमकं त्या दिवशी माळ्यावर सापडत नसे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर तिथेच आहे, आणि किराणा घराण्याशी लांबचंही नातं सांगणारा गवई तिथे हजेरी लावणं आपलं देणं समजतो. तिकीट नाही, खुर्ची नाही, नंबर नाही. जेवण करून निघायचं, चपला काढायच्या आणि पुढचा माणूस जिथे संपतो तिथून आपलं घोंगडं सुरू करायचं.

बाबा मला न्यायचे. अकराच्या सुमाराला ते "जरा पाठ टेकतो" म्हणायचे आणि पहाटे उठायचे. घरी आल्यावर चहा पिता पिता आईला सांगायचे, "काय गाणं झालं म्हणून सांगू!" आई विचारायची, "कोण कोण गायलं?" बाबा थोडा विचार करून म्हणायचे, "सगळेच चांगले गायले."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २०२५ साली मी इंग्लंडमध्ये असंच रात्रभर गाणं ऐकायला गेलो होतो. फरक एवढाच, की त्या गाण्याची तयारी आठ महिने आधी सुरू झाली, आणि तिच्यात घोंगडं सोडून जगातली बाकी प्रत्येक वस्तू होती.

मी गेली बावीस वर्षं रीडिंगला राहतो. आमच्या गावात ऑगस्टअखेर मोठा संगीतमहोत्सव होतो. पण मुलगी म्हणते, तो दहावीचा निकाल लागलेल्या पोरांसाठी असतो, तुम्ही तिथे गेलात तर लोक तुम्हाला कुणाचे तरी न्यायला आलेले बाबा समजतील. खरा महोत्सव ग्लास्टनबरीचा. नाव ग्लास्टनबरी असलं तरी तो भरतो काही मैल अलीकडे, पिल्टन गावच्या वर्दी फार्ममध्ये. म्हणजे चक्क एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात. मायकेल ईव्हिस हे त्या शेतकऱ्याचं नाव. १९७० साली १९ सप्टेंबरला त्यांनी पहिल्यांदा आपल्या कुरणात गाणं लावलं. जिमी हेंड्रिक्स वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकीट १ पौंड आणि त्यात गोठ्यातलं दूध फुकट. दीडेक हजार माणसं आली. पुढल्या वर्षी तो उन्हाळ्यात, जूनमध्ये गेला आणि तिथलाच झाला. आता कुंपणाच्या आत सुमारे २ लाख १० हजार माणसं असतात. २०२४ साली ईव्हिस 'सर' झाले. दूध काढणाऱ्या माणसाला राजाने किताब दिला हे ऐकून आई म्हणाली, "आपल्या चितळ्यांनी तिकडे जायला हवं होतं."

कल्पना आमच्या शेजाऱ्यांची. ते पोस्टातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, स्वभावाने इतके नेमस्त की कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवतानासुद्धा त्याचं तोंड पूर्वेला करतात. हा माणूस चौदा वेळा ग्लास्टनबरीला जाऊन आलेला आहे, हे मला अठरा वर्षांच्या शेजारानंतर कळलं. त्यातल्या पहिल्या काही खेपा तर विनातिकीट, कुंपणावरून उडी मारून. "२००२ साली त्यांनी ते नवं उंच कुंपण उभारलं," ते एखाद्या दिवंगत मित्राची आठवण काढावी तसं म्हणाले, "आणि मी कायद्याने वागायला लागलो."

तर ते, त्यांची पत्नी, मी, माझी बायको, मुलगी आणि ब्रिस्टलला एमएस्सी करायला आलेला माझा भाचा, असे सहा जण जमलो. सहा हा आकडा महत्त्वाचा, कारण एका वेळी सहाच तिकिटं काढता येतात. सातवा माणूस आवडता असला तरी त्या दिवसापुरता तो परका.

तिकिटाआधी नोंदणी. प्रत्येकाने आपला फोटो द्यायचा, मग त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो. फोटो तिकिटावर छापून येतो, म्हणजे तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. २००७ पासून काळाबाजार थांबवायला ही युक्ती काढली. मी पासपोर्टसाठी काढलेला फोटो दिला. त्यात मी गाणं ऐकायला चाललोय असं वाटत नाही, जामिनावर सुटलोय असं वाटतं.

विक्रीचा दिवस रविवार, १७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९. त्याआधी गुरुवारी संध्याकाळी बससकट तिकिटांची विक्री झाली होती, तिच्यात आमच्या हाती काही लागलं नव्हतं. त्यामुळे रविवारी घरात दहावीच्या परीक्षेचं वातावरण. सूत्रं भाच्याकडे होती. तो रेल्वेच्या तत्काळ तिकिटांवर वाढलेला मुलगा. सकाळी १० च्या ठोक्याला बोट कसं पडलं पाहिजे, हे त्याच्या पिढीला मुंजीआधी शिकवतात. पण त्या वर्षी पद्धत बदलली होती. पूर्वी लोक पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसायचे. ज्याचं बोट चिवट त्याला तिकीट. आता ९ च्या आधी जे आले असतील त्या सगळ्यांना ९ वाजता सोडत काढल्यासारखा रांगेत नंबर मिळणार, आणि पुढे पानाला कुणीही हात लावायचा नाही.

"हात लावायचा नाही" ही सूचना मराठी माणसाला देण्यात अर्थ नसतो. देवळातसुद्धा आपण पाटी वाचतो आणि मग मूर्तीला हात लावून बघतो. मी तीन मिनिटं धीर धरला. मग रांगेची पट्टी हलत नाही असं वाटलं म्हणून जरासं बोट लावलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं पानच बंद झालं. भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मामाकडे पाहण्याची परवानगी कुठल्याही शास्त्रात नाही.

आमच्याकडे दोन लॅपटॉप, चार फोन आणि एक जुना टॅब होता. टॅबची काच तडकलेली. बायकोने तो ओट्यावर पोह्यांच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता. ९ वाजून काही मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, हे काहीतरी विचारतंय."

सगळे धावले. पान उघडलं होतं. एका बाजूला वेळ उलटा मोजला जात होता, आणि सहा जणांचे नोंदणी क्रमांक मागितले जात होते. आता इथे माझी चूक सांगायला हवी. ते सगळे क्रमांक मी आदल्या रात्री वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवले होते. सुवाच्य म्हणजे मराठीत. सवयीने. मुलगी रीडिंगमध्ये जन्मलेली, घाईत वाचायला तीच पुढे. तिने प्रत्येक १ हा इंग्रजी ९ समजून वाचला. पहिला क्रमांक चुकीचा. दुसरा चुकीचा. शेजारी चिंताक्रांत होऊन वहीत डोकावले आणि म्हणाले, "हा तर फार सुंदर नऊ आहे." शेवटी बायकोने झारा ठेवला, वही हिसकावली आणि बाजारात भाव सांगावा तसे सहाही क्रमांक खणखणीत आवाजात वाचले. दोन मिनिटं उरलेली असताना 'अभिनंदन' आलं. पस्तीस मिनिटांत देशातली सगळी तिकिटं संपल्याचं नंतर बातम्यांत सांगितलं. पोहे करपले होते. ते आम्ही फार चवीने खाल्ले.

लगेच मिरजेला फोन केला.

"तिकीट मिळालं!" मी म्हणालो.

"केवढ्याला?"

"एकाला ३७३ पौंड ५० पेन्स. वर ५ पौंड त्यांचा खर्च. पण आत्ता माणशी ७५ च भरलेत, बाकी एप्रिलमध्ये."

आईने मनातल्या मनात हिशेब केला. तो चाळीस हजारांच्या आसपास जातो. बराच वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज.

"गाणार कोण आहे?"

"ते अजून सांगितलेलं नाही."

"म्हणजे?"

"ते मार्चमध्ये सांगतात."

"कोण गाणार ते ठाऊक नाही, आणि चाळीस हजार?" आई म्हणाली. "अरे, आपण लग्नाला जातानासुद्धा नवरा मुलगा कोण ते विचारून जातो."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. पण जवळजवळ सगळी तिकिटं कलाकारांची नावं कळायच्या आतच खपतात, हे त्या महोत्सवाचं वैशिष्ट्यच आहे. शेजारी म्हणाले, "नावं बघून येणारे दुसरीकडे जातात." मला बाबांची आठवण झाली. त्यांनीही दर्ग्याच्या सभेची पत्रिका कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

तिकीट मिळाल्यावर मला वाटलं काम संपलं. शेजाऱ्यांना वाटत होतं आता सुरू झालं. जानेवारीत त्यांनी आम्हाला चहाला बोलावून तंबूशास्त्राचा पहिला पाठ दिला.

तंबूच्या खोक्यावर '४ माणसं' लिहिलेलं असलं तर त्यात दोन माणसं मावतात. चार मावतात, पण मग त्यांचं सामान, त्यांचे बूट आणि त्यांची मैत्री बाहेर राहते. तंबू उताराच्या तळाशी मारायचा नाही. २००५ साली रात्रीत इतका पाऊस झाला की खालच्या अंगाचे तंबू पाण्यात गेले. माथ्यावरही मारायचा नाही, वारा. पायवाटेजवळ नको, रात्री तीनला कुणीतरी दोरीत पाय अडकून तुमच्या अंगावर पडतं आणि माफी मागून तिथेच झोपतं. शौचालयापासून इतकं लांब की नाकाला त्रास होऊ नये, आणि इतकं जवळ की आपल्या वयाला त्रास होऊ नये. ही सगळी पथ्यं पाळली तर त्या रानात एकही जागा उरत नाही. म्हणून बुधवारी सकाळी ८ ला दारं उघडतात तेव्हा आत असायला हवं.

"गाणं कधी सुरू होतं?" बायकोने विचारलं.

"मोठं गाणं शुक्रवारी."

"मग बुधवारी जायचं कशाला?"

"जागा धरायला."

हे मात्र आम्हाला लगेच पटलं. ज्या समाजात एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्याला दोन दिवस आधी जाऊन रान धरण्याचं तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

मार्चमध्ये आम्ही परसात तंबू उभा करायची तालीम घेतली. पाऊस पडत होता. शेजारी म्हणाले, छान, खरी परिस्थिती. पहिल्या प्रयत्नात तंबू उभा राहिला आणि दोन कांबी हातात उरल्या. दुसऱ्या प्रयत्नात एकही कांब उरली नाही, पण तंबू उभा राहिला नाही. भाच्याने व्हिडिओ लावला. व्हिडिओतला तरुण एकटाच चार मिनिटांत तंबू उभा करून हसत होता. मला मेखा ठोकायला दिल्या होत्या. एकेक मेख मी भिंतीत खिळा ठोकावा तशी सरळ ठोकली, आणि शेजाऱ्यांनी एकेक उपटून तिरपी ठोकली. अशा बारा मेखा झाल्यावर आमच्यात थोडा काळ संभाषण झालं नाही. नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ फोन आला. आम्ही सहा जण पावसात, छपरासारखं काहीतरी धरून उभे.

"घराचं काय झालं?" आई घाबरून म्हणाली.

त्याच महिन्यात कलाकारांची यादी आली. शुक्रवारी द १९७५, शनिवारी नील यंग, रविवारी ऑलिव्हिया रॉड्रिगो. शेजाऱ्यांचे डोळे नील यंगच्या नावाला भरून आले. मुलगी यादीत खाली खाली बघत गेली आणि किंचाळली, कारण शनिवारी रात्री साधारण त्याच वेळी दुसऱ्या रंगमंचावर चार्ली एक्ससीएक्स होती. तिथे शंभरावर रंगमंच असतात, त्यामुळे अशी टक्कर दर तासाला होते. मुलीने एक तक्ता बनवला. लाल म्हणजे जीव गेला तरी, पिवळा म्हणजे जमलं तर, निळा म्हणजे बाबांसाठी. तो तक्ता मला आमच्या लग्नातल्या पंगतींच्या नियोजनासारखा दिसला. तेव्हाही सगळं ठरलं होतं आणि मुलाकडची मंडळी आधी जेवली होती.

मग सामानाची यादी. इथे दोन संस्कृती समोरासमोर आल्या. शेजाऱ्यांची यादी एका पोस्टकार्डावर मावत होती : तंबू, गमबूट, डोक्याला बांधायचा दिवा, पाण्याची बाटली, सनक्रीम, रेनकोट, कानात घालायची बोळी. ही शेवटची वस्तू वाचून मी थबकलो. चाळीस हजार देऊन गाणं ऐकायला जायचं आणि सोबत ते ऐकू येऊ नये याची सोय न्यायची!

बायकोची यादी चार पानी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आल्याच्या वड्या, सांगलीहून मागवलेलं भडंग दोन किलो, ओवा, अमृतांजन, सुई-दोरा, दोन चादरी आणि 'एक जास्तीची'. आईने कुरिअरने लिंबाचं लोणचं पाठवलं. पण आत काच न्यायला बंदी. मग लोणचं बरणीतून प्लास्टिकच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. शेजाऱ्यांनी तो सोहळा पाहून विचारलं, "हे स्फोटक आहे का?" बायको म्हणाली, "खाल्ल्यावर."

मांडवासारखा उघडा गॅझेबोही चालत नाही. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी तिथे २०१९ पासून विकत नाहीत, स्वतःची बाटली न्यायची आणि नळावर भरायची. आणि सगळ्यात ठळक सूचना अशी, की रानात कुठेही लघवीला बसू नका, ओढ्याचं पाणी खराब होतं. ती वाचताना मला आपल्याकडे गावोगाव पहाटे शिट्ट्या फुंकत फिरलेली गुड मॉर्निंग पथकं आठवली. पाट्यांवरूनच बघायचं झालं तर इंग्रज आणि आपण एकाच गावचे निघतो.

निघायच्या आदल्या रात्री मी सगळ्या याद्या जोडून वाचल्या. एकशे अठरा वस्तू. त्यातल्या नव्वद झोपण्याशी आणि खाण्याशी संबंधित, उरलेल्या, एक सोडून, पाऊस आणि पोट यांच्याशी. गाण्याशी संबंधित वस्तू एकच, ती कानातली बोळी.

आईला फोन केला, तेव्हा माउलींची पालखी पंढरपूरच्या वाटेवर होती. "मागच्या आळीतल्या मावशी गेल्या वारीला," आई म्हणाली. "त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत."

"सामान काय नेलं त्यांनी?"

"एक पिशवी. ती पण निम्मी रिकामी. येताना प्रसाद आणायला."

बुधवारी, २५ जून २०२५. रीडिंगहून कॅसल केरी स्टेशनपर्यंत गाडीने, तिथून महोत्सवाच्या फुकट बसने. स्टेशनवर उतरलेला प्रत्येक माणूस पाठीवर स्वतःच्या वजनाएवढं ओझं घेऊन आणि चेहऱ्यावर हसू घेऊन चालत होता. जे लोक गाडीत शेजारच्या माणसाच्या कोपराला कोपर लागला तर डोळे मिटून घेतात, ते इथे अनोळखी माणसाच्या तंबूचं टोक धरून "कुठून आलात?" विचारत होते. दारापासून तंबूच्या जागेपर्यंतची चाल फार मोठी. भडंगाची पिशवी भाच्याकडे होती. दर शंभर पावलांनी तो ती दुसऱ्या खांद्यावर घेई आणि मामाच्या घराण्याचा उद्धार करी.

जागा मिळाली, शेजाऱ्यांच्या निकषांपैकी तीन पूर्ण करणारी. मेखा तिरप्या ठोकल्या. तंबू पंधरा मिनिटांत उभा राहिला, आणि हातात एक कांब उरली. ती भाच्याने झेंड्याच्या काठीला बांधली. तिकडे लोक आपल्या माणसांना सापडावं म्हणून उंच झेंडे घेऊन फिरतात. आमचा झेंडा म्हणजे बायकोच्या जुन्या खणाचा जांभळा तुकडा. दोन लाखांत दुसरा असणं शक्य नाही, असं आम्ही म्हणालो.

आणि पाऊस आला नाही. आम्ही सहा जोडी गमबूट घेतले होते. शेजाऱ्यांनी २०१६ च्या चिखलाचा फोटो दाखवला होता, त्यात माणसं पोटरीपर्यंत गायब होती. त्या भीतीने माझ्या पायात बुधवारपासून गमबूट, आणि वर चटके बसणारं ऊन. पायांखाली मिरजेच्या बसस्टँडवर असते तशी धूळ. शुक्रवारी दुपारी मी बूट काढले तेव्हा पाय अर्धवट शिजलेल्या बटाट्यांसारखे झाले होते. त्या उन्हात रेनकोट डोक्यावर धरून चालणारा मी एकटाच नव्हतो.

शौचालयांबद्दल मी मनाची तयारी सहा महिने केली होती. लांब रांगेत दारं, वर छप्पर नाही, खाली खोल हौद. आत बसल्यावर वर निळं आकाश आणि दूरवर कुणीतरी सॅक्सोफोन वाजवतंय. मी आयुष्यातल्या जून महिन्याच्या सगळ्या सकाळी आठवून पाहिल्या, इतकी संगीतमय एकही निघाली नाही.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या गुरुवारीच संपल्या. त्या आम्ही संपवल्या नाहीत. शेजारच्या तंबूतल्या वेल्सच्या चार पोरांनी एक चाखली आणि मग ती वारंवार काहीतरी विचारायला येऊ लागली. लोणच्याचा डबा उघडल्यावर आजूबाजूचे तंबू शांत झाले. शनिवारी दुपारी हरे कृष्ण मंडळींच्या तंबूबाहेर फुकट जेवणाची रांग दिसली. बायको न बोलता रांगेत उभी राहिली. द्रोणात भात आणि भाजी घेऊन आम्ही गवतावर मांडी घालून बसलो. आठ महिन्यांचं नियोजन, चार पानी यादी, आणि शेवटी जेवलो ते भंडाऱ्यात.

शनिवारची रात्र. तक्त्यात लाल. मुलगी आणि भाचा चार्लीकडे पळाले. आम्ही चौघे पिरॅमिड रंगमंचासमोर नील यंगसाठी दोन तास आधीच जागा धरून. शेजाऱ्यांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तेवढ्यात बायको म्हणाली, "गवत दमट आहे. ती जास्तीची चादर आणता का?"

मी निघालो. उजेड होता तोवर वाट ओळखीची होती. मग अंधार पडला आणि टेकडीवर हजारो तंबू एकसारखे झाले. खणाचा जांभळा झेंडा अंधारात काळा दिसतो, ही गोष्ट आठ महिन्यांत कुणाच्याही लक्षात आली नव्हती. फोन लागत नव्हता. मी एका तंबूची चेन उघडली, आतून फार सौजन्यपूर्ण "नाही" आलं. दुसऱ्यातून घोरणं आलं. ते ओळखीचं वाटलं, पण मीच बाहेर होतो. शेवटी अर्ध्या तासाने कशाच्या तरी खमंग वासावर मी पोचलो. आमच्या तंबूपुढे वेल्सची पोरं भडंग खात बसली होती. त्यांनी मला बसायला जागा दिली, माझंच भडंग मला दिलं, आणि माझीच चादर माझ्या अंगावर टाकली.

खाली दूर उजेडाचा त्रिकोण. तिथून गिटारचा एक जाड, खरखरीत सूर वर चढत येत होता. दुसऱ्या बाजूने चार्लीचे ठोके. वाऱ्याची दिशा बदलली की एकाचं गाणं दुसऱ्यात मिसळे आणि परत वेगळं होई. दोन्ही एका पट्टीत नव्हते, पण कुणाला घाई नव्हती. मी म्हटलं, जरा पाठ टेकतो.

जाग आली तेव्हा आकाश उजळलं होतं. बायको शेजारी बसून माझ्याकडे बघत होती.

"चादर मिळाली वाटतं," ती म्हणाली.

शेजारी मात्र रागावले नाहीत. ते रात्रभर झोपले नव्हते आणि इस्त्रीच्या शर्टाचा चोळामोळा झाला होता. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळंच चांगलं झालं. ते समाधानाने मान हलवत तंबूत गेले.

सोमवारी सगळं गुंडाळलं. पिशवीतून निघालेला तंबू पिशवीत परत जात नाही, हा नियम जगभर एकच आहे. आम्ही कचरा उचलला, मेखा मोजल्या, एक कमी निघाली, शेजारी ती शोधायला चाळीस मिनिटं रांगले. शेताला त्रास नको म्हणून. पुढच्या वर्षी, २०२६ ला, ईव्हिसांनी महोत्सवच ठेवला नव्हता, रान पडीक ठेवायचं होतं. कुरणाला आणि गाईंना अशी विश्रांती ते मधूनमधून देतात. द्राक्षबागेची खरडछाटणी बघत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. पण शेजाऱ्यांचा चेहरा पडला. मग स्टेशनवर बाकड्यावर टेकल्यावर त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि वर लिहिलं, '२०२७'. खाली पहिली ओळ : 'मेख, एक'.

गाडीला वेळ होता. मिरजेला फोन लावला. आईने विचारलं, "आलास का बाबा धडधाकट?"

"आलो."

"कोण कोण गायलं?"

मी तक्ता आठवायचा प्रयत्न केला. लाल, पिवळा, निळा.

"सगळेच चांगले गायले," मी म्हणालो.

फोनवर पंख्याचा आवाज.

"झोप चांगली लागली म्हणायची," आई म्हणाली. "आणि त्यासाठी चाळीस हजार? तुझे बाबा फुकटात झोपून यायचे."